शनिवार तेल्यांचा वारसा : कोकणातील बेने इस्रायल आणि घरातली शाळा

गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे एक विषय हमखास निघतो. आरती होते, प्रसाद वाटून होतो, मंडपात वडीलधारी मंडळी निवांत बसतात आणि कुणीतरी म्हणतो, "आपण आहोत तोवर हे चालेल. पुढे कोण करणार?" मुले बंगळूरला, पुण्याला नाहीतर परदेशात. नातवंडे इंग्रजी शाळेत. कचेरीचा कागद कन्नडमध्ये. मराठी उरली ती घरात, देवघरात आणि वर्षातून एकदा भरणाऱ्या आपल्या साहित्य संमेलनात. कडोलीसारख्या सीमेवरच्या गावाला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. भाषा, संस्कार आणि ओळख या तिन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. धागा तुटला तर मणी वेगवेगळे वेचावे लागतील, ही आपली धास्ती आहे.

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच मराठी मुलखातल्या एका छोट्या समाजाची आठवण ठेवण्यासारखी आहे. हा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, म्हणजेच मराठी यहुदी. शेकडो वर्षे त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हता, मंदिर नव्हते, शिकलेला पुरोहित नव्हता आणि आपल्या धर्माची भाषाही उरली नव्हती. तरीही ते यहुदीच राहिले. ते कसे राहिले, हे समजून घेतले तर संस्कार पुढच्या पिढीकडे नेमके कोणत्या वाटेने जातात, याचा थोडा उलगडा होतो.

घाणा बंद ठेवणारे तेली

बेने इस्रायलांची पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली कथा अशी : दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकण किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. अलिबागजवळच्या नवगावला ते किनाऱ्याला लागले आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले. नवगावची ती जागा हा समाज आजही आपल्या पूर्वजांची जागा म्हणून मानतो. या कथेला कागदोपत्री पुरावा नाही. पण एखाद्या समाजाने आपल्या आरंभाची एकच गोष्ट इतकी वर्षे मुलांना सांगत राहावे, ही गोष्ट स्वतःच इतिहासाचा भाग आहे.

या माणसांनी कोकणात तेल गाळण्याचा धंदा धरला. गावोगाव पसरले. गावाच्या नावावरून आडनावे आली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, चेऊलकर, राजपूरकर, झिराडकर, नवगावकर. घरात मराठी आली, अंगावर लुगडे आणि पागोटे आले. नावेही मराठी वळणाची झाली. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. दुरून पाहणाऱ्याला इतर तेल्यांत आणि यांच्यात काहीच फरक दिसला नसता. फरक दिसायचा तो आठवड्यातून एका दिवशी. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'.

या नावात मोठा अर्थ दडलेला आहे. शनिवार म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी काम करायचे नाही, चूलही पेटवायची नाही. घाणा एक दिवस बंद म्हणजे एका दिवसाची कमाई गेली. हातावर पोट असलेल्या माणसाला हे सोपे नव्हते. पण तेल्याच्या पोराला शब्बाथ म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागले नाही. बैल गोठ्यात आहे, बाप घरी आहे, चूल थंड आहे, कालचे शिजवलेले आज खायचे आहे, एवढे त्याला दर सात दिवसांनी दिसत होते. शब्बाथचे नियम सांगणारा ग्रंथ हरवला होता, पण शनिवार हरवला नव्हता.

आणखी काही गोष्टी टिकल्या. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता करायची. मांस मिठात ठेवून त्यातले रक्त काढून टाकायचे. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही. कोकणात यावर सोपा उपाय होता, आमटीत नारळाचे दूध घालायचे. आणि एक प्रार्थना टिकली, 'शेमा'. देव एक आहे, असे सांगणारी ही हिब्रू प्रार्थना. तिची सुरुवातीची वाक्ये एवढीच त्यांना येत होती. जन्माला, लग्नाला, मृत्यूला, प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली जाई. शब्दाशब्दाचा अर्थ सगळ्यांना कळत होता असे नाही. पण आजीच्या तोंडून नातवाच्या कानात ती पोचत राहिली.

माशांची परीक्षा

या समाजाची ओळख बाहेरच्या यहुदी जगाला कशी पटली, याची एक कथा त्यांच्यात प्रसिद्ध आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. शनिवार पाळणारे हे तेली यहुदी असावेत, असा त्याला संशय आला. खात्री कशी करायची? ग्रंथ विचारावा तर ग्रंथ नाही. हिब्रू बोलावी तर हिब्रू येत नाही. त्याने बाजारातून निरनिराळे मासे आणले आणि एका घरातल्या बायकांना रांधायला दिले. बायकांनी खवले आणि पंख असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. "हे आम्ही खात नाही," असे त्यांनी सांगितले. तोरा या यहुदी धर्मग्रंथात नेमका हाच नियम आहे. रहाबीची खात्री पटली.

रहाबी नेमका कोणत्या शतकात आला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काळ कोणताही असो, गोष्टीचा गाभा बदलत नाही. परीक्षा घेतली गेली ती स्वयंपाकघरात, आणि उत्तीर्ण झाल्या त्या लिहितावाचता न येणाऱ्या बायका. मुशी का चालत नाही आणि रावस का चालतो, याचे शास्त्र त्यांना सांगता आले नसते. त्यांच्या सासूने निवडले तसे त्यांनी निवडले. सुनेने सुपात मासे निवडताना पाहिले, मुलीने पाहिले, आणि धर्माचा एक संबंध अध्याय त्या सुपातून पुढे सरकला.

परंपरा पुढे सांगते की रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तीन तरुण निवडले, त्यांना विधी शिकवले आणि मग ते समाजाचे 'काझी' झाले. गावोगाव फिरून लग्ने लावणे, तंटे सोडवणे ही त्यांची कामे. म्हणजे शिकवणारा माणूस नंतर आला. घर त्याच्या आधी होते, आणि घराने जपून ठेवले होते म्हणूनच त्याला शिकवायला काही जागा मिळाली.

सणांची मराठी नावे

बेने इस्रायलांनी जे सण टिकवले त्यांची हिब्रू नावे विसरली गेली होती. त्यांनी ती सरळ मराठीत ठेवली. वर्षाच्या आरंभीचा सण तो 'नव्याचा सण'. मग 'खिरीचा सण', त्या दिवशी नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर व्हायची. प्रायश्चित्ताचा कडक उपास तो 'दारफाळणीचा सण'. त्या दिवशी घरचे सारे पांढरे कपडे घालून, दार लावून आत बसत, बाहेरच्या कुणाशी संबंध ठेवत नसत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', म्हणजे गोरगरिबांना दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटी.

एक उपास तर विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे, 'बिरड्याचा' उपास. त्या दिवसांत मांसाहार वर्ज्य करून वालाचे बिरडे खाल्ले जाई, म्हणून हे नाव. जेरुसलेमचे मंदिर ज्या दिवशी उद्ध्वस्त झाले, त्या दिवसाचा हा शोक. जगभरचे यहुदी तो पाळतात. कोकणातल्या मुलाने जेरुसलेम पाहिलेले नव्हते, नकाशावर दाखवणारेही कोणी नव्हते. पण वर्षातले काही दिवस ताटात फक्त बिरडे येते, एवढे त्याला माहीत होते. इतिहास असा वालाच्या आमटीतून जिवंत राहिला.

यात आपल्याला ओळखीचे खूप काही आहे. गौरीला कोणती भाजी हवी, गणपतीला दूर्वा किती, नागपंचमीला काय चिरायचे नाही, हे आपल्यापैकी कितीजणांनी पुस्तकात वाचले? आईने केले, आपण पाहिले. सगळ्या आरत्या तोंडपाठ असलेल्या मुलाला त्या कुणी शिकवणी लावून पाठ करून घेतलेल्या नसतात. टाळ हातात दिला आणि दहा दिवस उभे केले की त्या आपोआप येतात.

बेने इस्रायलांनी आपल्या भोवतालातूनही मोकळेपणाने घेतले. लग्नात मेंदी आणि मंगळसूत्र आले. शुभप्रसंगी 'मलिदा' करायची रीत त्यांच्यात आहे. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू या संदेष्ट्याचे स्मरण करायचे. अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. संदेष्टा जेरुसलेमकडचा, खडक कोकणातला आणि प्रसाद पोह्यांचा. शेजाऱ्यांचे घेतल्याने यांचे स्वतःचे काही कमी झाले नाही, उलट मुलांना ते अधिक आपले वाटले.

पोथी आली ती मराठीत आली

अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटू लागले. इंग्रजांच्या पलटणीत बेने इस्रायल मोठ्या संख्येने भरती होऊ लागले. त्यांतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत कैद झाले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. समाजातले लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. तोराच्या पोथ्या मिळवण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले, असे सांगतात. पुढे कोचीनहून शिकलेले यहुदी आले आणि मुलांना हिब्रू प्रार्थना शिकवू लागले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशी एकामागून एक गावांत सिनेगॉगे उभी राहिली.

याच काळात मिशनरीही आले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहून छापले. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकली. आपलाच जुना करार त्यांना प्रथमच मराठीत वाचायला मिळाला. ही मुले ख्रिस्ती होतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. फारच थोडी झाली. बाकीच्यांनी विद्या घेतली आणि तिचा उपयोग स्वतःच्या धर्माकडे परतण्यासाठी केला. घराने पाया घातलेला असला की बाहेरची शाळा माणसाला उपटून टाकत नाही, त्याला हत्यार देते. मुलगा दुसऱ्या माध्यमात गेला म्हणजे तो आपला राहिला नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यानंतर या समाजाने जे केले त्याला तोड नाही. त्यांनी आपला धर्म मराठीत आणला. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची 'हगादा' ही पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हगादा छापली गेली. तिच्या चित्रांत सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका इथल्याच पेहरावात, जमिनीवर बसून काम करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर या हिब्रूच्या पंडितांनी प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तिथे मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही शिकवत. समाजाचा इतिहासही केहिमकरांनीच लिहून ठेवला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, १९३७ साली तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. आणि १८८० च्या सुमारास यहुदी कीर्तनकार उभे राहिले. मोशे, योसेफ, एलियाहू यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या चालीवर, साक्या-दिंड्यांसह होऊ लागली.

हिब्रू ही पवित्र भाषा, तिच्यातच सारे राहू द्यावे, असे ते म्हणू शकले असते. पण मुलाला कळत नसलेली पोथी मुलाच्या ओठांवर राहते, आत उतरत नाही, हे त्यांना उमगले. प्रार्थना हिब्रूत ठेवली आणि अर्थ मराठीत दिला. दोन्हींचा मान राखला.

लहान मुलाने विचारायचे प्रश्न

हे शहाणपण केवळ कोकणातले नव्हते. यहुदी परंपरेत मुलांना शिकवणे हे मुळातच आईबापांचे धर्मकर्तव्य मानले आहे. जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना या गोष्टी मुलांशी बोलत राहा, असा आदेश आहे. म्हणजे शिकवण्याची वेळ वेगळी काढलेली नाही, दिवसभराचे जगणे हीच वेळ. त्या अध्यायातली वचने चर्मपत्रावर लिहून दाराच्या चौकटीला लावतात, त्याला 'मेझुझा' म्हणतात. आत-बाहेर करणाऱ्या पोराची नजर तिच्यावर रोज पडते.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले. त्या वेढ्याच्या वेळची एक कथा यहुदी सांगतात. योहानान बेन झक्काई नावाच्या गुरूला त्याच्या शिष्यांनी प्रेतपेटीत घालून शहराबाहेर काढले. रोमन सेनापतीसमोर उभे राहून त्याने मागणे मागितले ते याव्ने या गावाचे आणि तिथल्या विद्वानांचे. राजधानी गेली, मंदिर गेले, पण विद्यालय राहिले. त्याच्या थोडे आधी यहोशुआ बेन गमला या प्रमुख याजकाने गावोगाव शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत बसवण्याची व्यवस्था केली, असे तालमूद या ग्रंथात नोंदलेले आहे. ज्याचे राज्य जाते त्याने शाळा धरावी, हा धडा या समाजाने फार लवकर घेतला.

पण सगळ्यांत सुंदर युक्ती वल्हांडणाच्या रात्रीची आहे. मिसरच्या गुलामगिरीतून आपले पूर्वज सुटले, त्याची ही आठवण. घरातले सारे जेवणाभोवती बसतात. ताटात कडू पाला असतो, बेखमीर भाकर असते. विधीची सुरुवात मोठ्यांच्या भाषणाने होत नाही. घरातले सर्वांत धाकटे मूल विचारते, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मग मोठ्यांनी उत्तर द्यायचे, आणि उत्तर म्हणजे ती सारी गोष्ट. मुलाने विचारल्याशिवाय सण पुढे सरकत नाही. सगळ्यांत लहान माणसाच्या हाती सणाची किल्ली दिलेली आहे.

हगादेत चार प्रकारच्या मुलांचे वर्णन आहे. एक शहाणे, जे नियम बारकाईने विचारते. एक बंडखोर, जे म्हणते की तुमच्या या खटाटोपाचा अर्थ काय, म्हणजे स्वतःला त्यातून वगळते. एक भोळे, जे नुसते हे काय एवढेच विचारते. आणि चौथे, ज्याला काय विचारावे हेच कळत नाही. या चारही मुलांना पंगतीत जागा आहे. बंडखोराला कडक उत्तर मिळते, पण त्याला उठवून लावत नाहीत. ज्याला विचारता येत नाही, त्याच्यासाठी बापाने स्वतः सुरुवात करायची.

आपल्या घरात हे चौघे आहेतच. सुटीत आलेला नातू "हे तुम्ही का करता?" असे विचारतो, तेव्हा 'तुम्ही' हा शब्द आपल्याला झोंबतो. आपण म्हणतो, "विचारू नकोस, हात जोड." तिथेच संवाद संपतो. त्याने निदान विचारले तरी. खरी काळजी करावी ती मोबाइल हातात घेऊन गप्प बसलेल्या चौथ्याची. त्याच्याशी बोलायला आपणच सुरुवात करायची आहे.

चाळणीही हवी

या समाजाचे कौतुक करताना एक कटू गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. ज्यांच्या वंशात बाहेरची सोयरीक झाली त्यांना काळे म्हणत. त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार नसे. हाही 'संस्कार' पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मिळत राहिला, तितक्याच निष्ठेने. विसाव्या शतकात शिकलेल्या पिढीने तो हळूहळू मोडून काढला.

आणि काळाने त्यांना आरसाही दाखवला. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले. बेने इस्रायलांची कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. १९६० नंतरच्या वर्षांत तिथल्या धर्मपीठाने प्रश्न काढला : हे भारतातून आलेले लोक खरोखर यहुदी आहेत का? त्यांच्याशी लग्ने लावायची तर आधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. ज्यांनी ग्रंथावाचून शनिवार पाळला, त्यांच्याकडे आता कागद मागितला गेला. त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. अखेर १९६४ साली इस्रायल सरकारने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे जाहीर केले. आपण कोण हे दुसऱ्याने कागदावर ठरवावे, याचे दुःख १ नोव्हेंबर १९५६ नंतरच्या सीमाभागाला समजावून सांगायला नको.

म्हणून वारसा देताना चाळणी हातात हवी. सुपात निवडणाऱ्या त्या बायकांसारखे, काय पुढे द्यायचे आणि काय बाजूला सारायचे, हे पाहिले पाहिजे. जातीचा ताठा, मुलीला दुय्यम लेखणे, शेजारच्या भाषेचा द्वेष, हेही न शिकवता मुलांपर्यंत पोचते. मुले आपले बोलणे ऐकतात त्याहून जास्त आपले वागणे पाहतात.

आता प्रश्न उलटा

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते. आज सारे मिळून काही हजार उरले आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग उभे आहे, पण आळीतली बहुतेक घरे रिकामी झाली.

तिकडे इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत ही मराठी घरे वसली. तिथे धर्म जपण्याची चिंता नाही, सारे राष्ट्रच शनिवार पाळते. आता चिंता मराठीची आहे. इथे शेकडो वर्षे मराठी बोलत त्यांनी यहुदीपण जपले, तिथे हिब्रू बोलत ते मराठीपण जपू पाहत आहेत. १९८० च्या दशकात त्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक सुरू केले. १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होतो. नातवंडांची भाषा मात्र हिब्रू झाली आहे. पण मलिदा होतो. लग्नाआधी मेंदी होते. नारळाच्या दुधातली आमटी होते. जे हाताने करायचे ते टिकले, जे फक्त बोलायचे होते ते अडचणीत आले.

आडनावही टिकले. प्रख्यात डॉक्टर जेरुशा झिराड यांचा जन्म आपल्याच कर्नाटकातल्या शिवमोग्याचा. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातले झिराड गाव त्यांच्या नावासोबत घाटावर आले, मुंबईला गेले. उद्या कुणी कडोलकर बंगळुरात किंवा बोस्टनमध्ये असेल, तर हे गाव त्याच्या सहीत असेल. सहीमागची गोष्ट त्याला ठाऊक असेल की नाही, एवढेच आपल्या हातात आहे.

आपल्या घरी काय करता येईल

या इतिहासातून मोठी योजना निघत नाही, छोट्या गोष्टी निघतात. सणात मुलांना प्रेक्षक म्हणून बसवू नये, काम द्यावे. दूर्वा निवडणे, नैवेद्याचे पान वाढणे, आरतीचे तबक धरणे, ही कामे नेमून द्यावीत आणि दरवर्षी त्यांच्याकडेच ठेवावीत. घरातल्या धाकट्याने प्रश्न विचारायचा आणि थोरल्याने उत्तर द्यायचे, असा पाठ गणपतीच्या पहिल्या रात्री घालून घ्यावा. उत्तर माहीत नसेल तर शोधावे. आजीच्या तोंडचे आपल्या भागातले शब्द, पदार्थांची नावे, ओव्या, घराण्याची हकिकत कुणीतरी वहीत उतरवून घ्यावी. केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहून ठेवला म्हणून तर आज बिरड्याचा उपास आपल्याला माहीत आहे.

मुलाला ज्या भाषेत कळते त्या भाषेत अर्थ सांगायला लाजू नये. आरती मराठीत राहू दे. सून कन्नड असेल, नातू इंग्रजीत विचार करत असेल, तर अर्थ कन्नडमध्ये, इंग्रजीत सांगावा. राजपूरकरांनी हिब्रूचा अर्थ मराठीत दिला म्हणून हिब्रू बाटली नाही. आणि घरी आठवड्यातून एक वेळ तरी अशी असावी, की सारे एकत्र जेवतील आणि फक्त मराठी बोलतील. बेने इस्रायलांनी त्यासाठी शनिवारची कमाई सोडली. आपल्याला तासाभराचा टीव्ही आणि मोबाइल सोडावा लागेल.

शनिवार तेल्यांनी मुलांना यहुदीपणावर व्याख्यान दिले नाही, द्यायला त्यांच्याकडे शब्दच नव्हते. त्यांनी घाणा बंद ठेवला. पुढे कोण करणार, असे विचारताना आपण स्वतः काय बंद ठेवतो आणि काय चालू ठेवतो, याकडे मुलांचे लक्ष असते. यंदाच्या उत्सवात त्यांच्या हाती टाळ तर देऊच, पण त्यांच्या प्रश्नासाठी पाच मिनिटे थांबूही या.

गणपती बाप्पा मोरया!